धुऱ्यावरची तार डुक्कर ओळखत नाही

वर्धा जिल्ह्यातले बोर अभयारण्य 1970 चे. 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. गाभा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. झाडी संपते तिथेच तूर, कपाशी, सोयाबीनचे धुरे सुरू होतात. साहजिकच रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि वाघ यांच्याविषयी पारावर बरेच बोलले जाते. त्यातले सगळेच खरे नसते.

गैरसमज : वाघाचा जीव घेतात ते कातडीचे तस्कर.
वस्तुस्थिती : तस्कर आहेतच, पण ब्रह्मपुरीहून आणून जुलै 2017 मध्ये बोरमध्ये सोडलेल्या वाघिणीची गोष्ट वेगळी आहे. गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन ती सुमारे 500 किलोमीटर हिंडली. माणसांवरच्या हल्ल्यांमुळे तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, पथके मागावर होती. ऑक्टोबरमध्ये ती मेली, पण गोळीने नव्हे. कारंजा तालुक्यात सिंदीविहिरी इथल्या शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने.

गैरसमज : जंगलात मावेनात, म्हणून रोही-डुकरे शेतात येतात.
वस्तुस्थिती : रोही मुळात दाट जंगलातला नाहीच. त्याला झुडपी माळ, पडीक आणि शेत मानवते. रानडुक्कर दिवसभर नाल्याच्या झुडपात पडून राहते आणि अंधारात पिकात शिरते. मादी एका वेळी चार-सहा पिल्ले घालते. म्हणून शेतातला कळप पाहून जंगलातली संख्या सांगता येत नाही. वाघ मोजतात ते कॅमेऱ्यात आलेल्या पट्ट्यांवरून. हरणांचा अंदाज बांधतात तो ठरलेल्या रेषेवर चालून, दिसलेला कळप किती अंतरावर होता ते नोंदवून.

गैरसमज : रोही म्हणजे गाईचीच जात.
वस्तुस्थिती : नीलगाय हे नुसते नाव. तो आशियातला सर्वांत मोठा कुरंग आहे. गाईशी त्याचे नाते शेळी-मेंढीपेक्षा जवळचे, पण एका उपकुळापुरतेच.

गैरसमज : आपल्याच वावरात डुक्कर मारले, तर ती शिकार नव्हे.
वस्तुस्थिती : 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सातबारा कुणाचा ते पाहत नाही. मारणे, विष घालणे, फास लावणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच येते. उभ्या पिकाच्या नासाडीसाठी काही प्राण्यांबाबत परवानगी मिळू शकते. ती मुख्य वन्यजीव रक्षकाकडून किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून, लेखी. खांबावर आकडा टाकून तारेत करंट सोडणे त्यात बसत नाही.

गैरसमज : झटका मशीन काय आणि करंट काय, एकच.
वस्तुस्थिती : प्रमाणित झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अगदी लहान अंशापुरता ठोका देते. जनावर दचकून मागे सरते. घरगुती लाइनची 230 व्होल्टची वीज मात्र अखंड वाहते. स्नायू आखडतात, अंग तारेपासून सुटतच नाही.

डुकरासाठी लावलेल्या त्या तारेवर वाघीण येते, शेजाऱ्याचा बैल येतो, आणि रात्रीची लाइन आली म्हणून ओलिताला मोटर सुरू करायला निघालेला माणूसही. नुकसान खरे आहे. त्यासाठी पंचनामा आणि भरपाईची वाट आहे, ती कितीही रखडत चालली तरी. तारेवर गेलेल्याचा मात्र पंचनामाच उरतो.