विद्युत मोटार आणि घरचा चार्जर : यंत्राआधी अर्थिंग

आपल्या शहराला मोटारींची हौस नवी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील व्यावसायिकांनी एकजूट करून एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. पुढे २०२२ साली शहरातील उद्योजक मंडळींनी ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने एकत्र येऊन विजेवर चालणाऱ्या मोटारींची अशीच एकगठ्ठा खरेदी केली. तेव्हा ही बाब बड्या लोकांची वाटत होती. आता ती तशी राहिलेली नाही. पगारदार माणूसही कर्ज काढून लहानशी विद्युत मोटार घेऊ लागला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याही दारात अशी एक मोटार आली.

मोटार निवडताना आम्ही तीन महिने चौकशी केली. व्याजदर, विमा, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, सगळे कागदावर मांडले. चार्जर कोठे व कसा बसवायचा याचा विचार मात्र तीन मिनिटेही केला नाही. मोटारीबरोबर एक सुटा चार्जर मिळाला होता. तो पोर्चमधल्या पाण्याच्या मोटारीच्या १५ अँपिअर सॉकेटला लावला, तर त्यावर लाल दिवा लागला. चार्जिंग सुरू होईना. ओळखीच्या वायरमनला बोलावले. तो म्हणाला, “साहेब, पाच मिनिटांचं काम आहे.” त्याने सॉकेट उघडले, आत काहीतरी केले, आणि दिवा हिरवा झाला. आम्ही खूश झालो.

पुढे एके सकाळी पोर्च धुतल्यावर आमच्या आई अनवाणी पायाने मोटारीजवळून गेल्या. दाराला हात लागताच त्या झटकन मागे सरल्या. म्हणाल्या, “अरे, हाताला झिणझिण्या आल्या.” मोटार तेव्हा चार्जिंगला लावलेली होती. शेजारी राहणारे एक निवृत्त लाइनमन धावत आले. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग सॉकेट उघडून आम्हांला दाखविले. अर्थच्या टोकाला न्यूट्रलमधून वायरचा एक बोटभर तुकडा जोडलेला होता. ते एवढेच म्हणाले, “भाऊ, लाल दिवा खरं सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बंद केलं.”

त्या बोटभर वायरमुळेच हा लेख लिहीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, विजेतले तज्ज्ञ नव्हे. पण त्यानंतर जे विचारून, वाचून, करून समजले, ते सभासदांच्या व विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे असे वाटते.

१) चार्जर म्हणजे नेमके काय?

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. बॅटरीत मात्र डीसी वीजच साठते. एसीचे डीसी करणारे यंत्र मोटारीच्या पोटातच बसविलेले असते, आणि खरा चार्जर तोच. आपण भिंतीवर लावतो त्या पेटीला सगळे चार्जर म्हणतात, पण तिचे काम पहारेकऱ्याचे आहे. वायर नीट जोडली आहे का, अर्थ आहे का हे ती तपासते, किती अँपिअर घ्यायला हरकत नाही ते मोटारीला कळविते, आणि मगच वीज सोडते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. मोटारीच्या आतले यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल, तर भिंतीवर ७.२ किलोवॅटची पेटी लावूनही मोटार ३.३ नेच भरणार. तेव्हा पेटी घेण्यापूर्वी मोटारीच्या पुस्तिकेतील हा आकडा पाहावा. महामार्गावरच्या जलद चार्जिंगची गोष्ट वेगळी. तेथे डीसी वीज थेट बॅटरीत जाते. घरी त्याची गरज नाही.

२) किती मोठा घ्यावा?

घरासाठी साधारणपणे तीन प्रकार आढळतात : १५-१६ अँपिअर सॉकेटवर चालणारा सुमारे ३.३ किलोवॅटचा, सिंगल फेजवर ३२ अँपिअर घेणारा सुमारे ७.२ किलोवॅटचा, आणि थ्री फेजवरचा ११ किलोवॅटचा. तीस युनिटची बॅटरी रिकामी झाल्यापासून भरायला पहिल्याला नऊ-दहा तास लागतात, तर दुसऱ्याला साडेचार-पाच.

हे आकडे ऐकून माणूस मोठ्याकडे वळतो. पण बॅटरी रोज रिकामी होत नाही. सिडकोतून वाळूज एमआयडीसीत नोकरीला जाऊन येणारा माणूस दिवसाला चाळीस किलोमीटर धरा. लहान मोटार एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. वाटेतली गळती धरून रोज सात युनिट पुरे झाले, म्हणजे ३.३ किलोवॅटच्या चार्जरला दोन-सव्वादोन तासांचे काम. मोटार तर रात्रभर उभीच असते. रोजचे अंतर शंभराच्या पुढे असेल, घरात दोन मोटारी असतील, किंवा अजिंठ्याला जाऊन येऊन लगेच पुन्हा निघायचे असेल, तर मोठी पेटी कामाची. आम्हांला तिची गरज नाही असे हिशेबाने दिसले, आणि वाचलेला पैसा वायर व अर्थिंगवर खर्च केला.

३) मंजूर भार

आम्हां बँकवाल्यांना ‘मंजूर मर्यादा’ हा शब्द परिचयाचा आहे. महावितरणच्या बिलावरही ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला आहे? जुन्या घरांत तो बहुधा एक-दोन किलोवॅटच असतो. रात्री ३.३ किलोवॅटचा चार्जर, दीड किलोवॅटचे एसी आणि पहाटे दोन किलोवॅटचा गीझर एकाच वेळी चालले, तर बेरीज ६.८ किलोवॅट होते. मर्यादेबाहेर उचल झाली की खाते अडचणीत येते, तसेच येथेही आहे. मीटर, सर्व्हिस वायर व खांबापर्यंतची जोडणी ठरावीक भारासाठी असते. म्हणून आधी भारवाढीचा अर्ज करावा. मोठी पेटी घ्यायची तर थ्री फेजचाही विचार करावा लागतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेऊन ठेवावा. तो पुढेही कामास येतो.

४) वायर आणि सॉकेट

“गीझर चालतो त्या सॉकेटवर चार्जर का नाही?” असा प्रश्न आम्हीही विचारला होता. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. मोटार मात्र तेवढाच किंवा जास्त प्रवाह सलग सहा-आठ तास ओढते. सॉकेटचा सैल पडलेला खाचा पंधरा मिनिटे निभावतो, पण रात्रभरात वितळतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे की वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ ऐवजी ३२ अँपिअर त्याच वायरमधून नेले, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आपल्याकडच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात ती बाहेर पडायलाही जागा नसते.

तेव्हा मीटरजवळच्या बोर्डापासून चार्जरपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर ओढावी. १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर, ३२ अँपिअरसाठी किमान ६, आणि अंतर लांब असेल तर १०. एमसीबी अनुक्रमे २० व ४० अँपिअरची. सोबत ३० मिलिअँपिअरची ‘टाइप-ए’ आरसीसीबी हवीच. वीज माणसाच्या अंगातून जमिनीकडे निघाली, तर क्षणात पुरवठा तोडणारे उपकरण ते हेच. मोटारीकडून येणाऱ्या डीसी गळतीपासूनचे संरक्षण पेटीत आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. नसेल तर ‘टाइप-बी’ आरसीसीबी लागते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत चार्जिंग केंद्रांसाठी सांगितले आहे की सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, मोटार चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत उभी राहावी, आणि एक्स्टेन्शन बोर्ड किंवा अडॅप्टर वापरू नये. घरीही हे तीन नियम पाळावेत. पेटी शक्यतो सावलीत व पावसाच्या झोडीपासून दूर लावावी.

५) अर्थिंग : सर्वांत महत्त्वाचे

आता त्या बोटभर वायरकडे येऊ. मोटार रबरी टायरवर उभी असते, म्हणजे तिचे धातूचे अंग जमिनीपासून तुटलेले असते. आत कोठे गळती झाली, तर ते अंग विजेने भारले जाते. अर्थची वायर ती वीज मुकाट्याने जमिनीत नेते व एमसीबी-आरसीसीबीला पडायला लावते. अर्थ नसेल, तर जमिनीत जायची वाट म्हणजे मोटारीला हात लावणारा माणूस.

चार्जरला अर्थ सापडला नाही की तो लाल दिवा लावतो. न्यूट्रल हा पुढे रोहित्रापाशी जमिनीला जोडलेला असल्यामुळे, सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थला लावला की चार्जर फसतो. पण न्यूट्रल ही विजेची परतीची वाट आहे, अर्थ नव्हे. तिचा जोड सैल झाला तर मोटारीच्या अंगावर दाब चढू लागतो, आणि ती पूर्ण तुटली तर संपूर्ण २३० व्होल्ट मोटारीच्या दारावर येतात. आमच्या घरी मीटरमागचा जोड सैल झाला होता, आणि आईंना झिणझिण्यांवर सोडले. असा जोड दिल्यावर आरसीसीबी वारंवार पडू लागते. मग ‘खराब आहे’ म्हणून तीही काढली जाते. आमच्या जुन्या बोर्डात ती मुळातच नव्हती. एका चुकीवर दुसरी चूक अशी ही पायरी आहे.

आमचा जुना अर्थिंगचा खड्डा खोदून पाहिला, तर कोळसा व मीठ केव्हाच निकामी झालेले, पाइप गंजलेला. आपल्या शहराखाली काळा पाषाण आहे, वर मातीचा थर पातळ, आणि उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत. कोरड्या मुरमात अर्थ धरत नाही. म्हणून चार्जरसाठी नवा खड्डा घ्यावा, शक्य तितका खोल न्यावा, वर झाकण ठेवून उन्हाळ्यात त्यात पाणी टाकीत राहावे. काम झाल्यावर ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर लावून आकडा मागावा. तो ५ ओहमच्या आत असलेला बरा. “अर्थ चांगला आहे” हे तोंडी उत्तर घेऊ नये. आम्ही काउंटरवर सही असल्याशिवाय पैसे देत नाही. येथेही आकडा लिहून घ्यावा.

६) फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोटारमालकाला आपल्या घरच्या चालू वीजजोडणीवरून मोटार चार्ज करता येते. तेव्हा स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या पार्किंगपर्यंत वायर न्यावी. सामाईक मीटरवरून घेऊ नये, त्यातून पुढे हिशेबाचे वाद होतात. सोसायटीला लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत ठेकेदाराचा नकाशा व वायर-एमसीबीचा तपशील जोडावा. नकार बहुधा आगीच्या भीतीपोटी येतो, आणि ती भीती कागदावरच्या तपशिलाने कमी होते. पाच-दहा जण घेणार असतील, तर सर्वांनी मिळून एकदाच भाराचा विचार करणे स्वस्त पडते.

७) बिलाचा अंदाज

रोज सात युनिट व महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १७५ युनिट होतात. घरचा वापर १३० असेल, तर बेरीज ३०५. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतात, म्हणून मोटारीचे युनिट वरच्या टप्प्यात पडतात हे ध्यानात ठेवून पेट्रोलशी तुलना करावी. तरीही आमच्या हिशेबात विजेचा खर्च पेट्रोलहून बराच कमी आला. घरावर सौर पॅनेल असतील, तर सुटीच्या दिवशी दुपारी चार्जिंग करणे सर्वांत सोयीचे.

थोडक्यात क्रम असा : पहिल्यांदा अर्थिंगची तपासणी, मग मंजूर भार, मग स्वतंत्र वायर, एमसीबी व आरसीसीबी, आणि सर्वांत शेवटी पेटीची निवड. आम्ही हा क्रम नेमका उलटा केला होता.

विद्यार्थी मित्रांना एक सांगावेसे वाटते. एथर कंपनीने २०२४ साली बिडकीन येथे विजेवरील दुचाकींचा कारखाना जाहीर केला. अशी वाहने वाढतील तशी दारोदारी जोडणी करणारी माणसे लागतील. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणाऱ्या मुलाने अर्थ टेस्टर वापरायला शिकून घेतला, परवाना मिळविला, आणि लाल दिवा दिसल्यावर “पाच मिनिटांचं काम” न म्हणता “अर्थ नाही, आधी तो करू” असे सांगितले, तर त्याला कामाची वाण पडणार नाही.

आमच्या पोर्चमधला तो वायरचा तुकडा आम्ही फेकलेला नाही. चार्जरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगून ठेवला आहे. घरी कोणी नवी मोटार घ्यायची म्हणून चौकशीला आले, की आई त्यांना आधी तोच दाखवितात.