बिलिंगचा कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी मागच्या वायरी काढून बघा



सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरात एक ओळ येऊन थांबली. किंवा कंपनीचा लोगो आला आणि तिथेच अडकला. समोर दोन गिऱ्हाईकं उभी. अशा वेळी दहापैकी नऊ जण एकच गोष्ट करतात: पाच-सहा वेळा बटण दाबून बंद-चालू करतात आणि मग कॉम्प्युटरवाल्याला फोन लावतात. तो म्हणतो, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, संध्याकाळी येतो."

आता हिशोब करा. समजा तुमच्याकडे दिवसाला 40 बिलं होतात आणि सरासरी बिल 150 रुपयांचं आहे. म्हणजे 6,000 रुपयांचा धंदा वहीवर आणि तोंडी चालवायचा. शिवाय फॉरमॅटमध्ये बिलिंगचा डेटा गेला तर उधारीची यादी, स्टॉक, जीएसटीची बिलं, सगळं गेलं. आणि इतकं करून दोष विंडोजचा नव्हताच, मागे लावलेल्या एका पेनड्राईव्हचा होता, असं निघालं तर? असं खरंच होतं. म्हणून आजचा विषय धंद्याचाच आहे, फक्त दिसायला कॉम्प्युटरचा आहे.

आधी एवढं समजून घ्या की बटण दाबल्यावर आत काय होतं. विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला आपण बायोस म्हणतो (नवीन मशीनमध्ये यूईएफआय, पण दुकानात सगळे बायोसच म्हणतात). तो रॅम तपासतो, कीबोर्ड आहे का बघतो, यूएसबीला काय काय लावलंय ते एकेक विचारतो. मग त्याच्याकडे एक क्रम लिहिलेला असतो: विंडोज आधी कुठे शोधायचं, नंतर कुठे. त्या क्रमाने तो जातो. म्हणजे विंडोज यायच्या आधीच मागे लावलेल्या प्रत्येक वस्तूशी त्याची ओळखपरेड होते. त्यातली एखादी वस्तू नीट उत्तर देत नसेल, तर सगळी रांग तिथे थांबते.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार पेनड्राईव्हचा. काल रात्री बॅकअप घेतला आणि तो तसाच राहिला. बायोसच्या क्रमात यूएसबी हार्डडिस्कच्या वर असेल तर बायोस आधी पेनड्राईव्हमध्ये विंडोज शोधतो. बरेचदा तिथे काही सापडलं नाही की तो पुढे हार्डडिस्ककडे जातो. पण काही मशीन तिथेच अडतात आणि 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाईस' किंवा 'नो बूटेबल डिव्हाईस' अशी ओळ दाखवतात. ती ओळ वाचून माणूस घाबरतो, की हार्डडिस्क गेली! अहो, हार्डडिस्क जागेवर आहे, बायोस चुकीच्या दारात उभा आहे. कार्ड रीडरमध्ये राहिलेलं मेमरी कार्ड, चार्जिंगला लावलेला मोबाईल, एक्स्टर्नल हार्डडिस्क यांचंही तसंच. काही ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये मेमरी कार्डचा खाचा असतो, तो कॉम्प्युटरला एक ड्राईव्ह म्हणूनच दिसतो. हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरा प्रकार करंटचा. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 मिलिअँपिअर आणि 3.0 मधून 900 मिलिअँपिअर करंट मिळावा, असं ठरलेलं आहे. आपण काय करतो? एका पोर्टला स्वस्तातला चार तोंडांचा हब लावतो आणि त्यावर स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि डिजिटल सहीचं टोकन, सगळं लटकवतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आपलं टेबल आठवावं! वर पोर्टेबल हार्डडिस्क लावली की संपलंच, कारण ती फिरायला सुरुवात करतानाच जास्त करंट ओढते. यूएसबी पोर्टच्या आतली पिन वाकून दुसरीला टेकली असेल तर थेट शॉर्ट. काही मदरबोर्ड अशा वेळी 'यूएसबी डिव्हाईस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड' असं लिहून 15 सेकंदांत स्वतःच बंद होतात. काही बिचारे काहीच लिहीत नाहीत, पंखा अर्धा गरका मारतो आणि थांबतो. मग आपण एसएमपीएस बदलायला निघतो.

याच्या उलटही होतं. स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब किंवा प्रिंटर कधीकधी यूएसबीच्या वायरीतून उलटा करंट कॉम्प्युटरकडे सोडतो. ओळखायची खूण सोपी आहे: सीपीयूची मेन पिन बोर्डातून काढली तरी कीबोर्डचा किंवा माऊसचा दिवा मंद जळत राहतो. असं दिसलं तर तो हब आजच बाजूला काढा, त्याची कीव करू नका.

कीबोर्डबद्दल फार लिहीत नाही. दाबून राहिलेली की, वर ठेवलेलं बिलबुक, आत सांडलेला चहा. बटण दाबल्यावर बायोसचा निळा-करडा स्क्रीन आपोआप उघडत असेल किंवा सलग बीप येत असेल तर आधी कीबोर्ड काढून बघा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. व्हिडिओमध्ये हे मी करून दाखवलं आहे, इथे शांतपणे वाचा. कॉम्प्युटर बंद करा, बोर्डाचं बटण बंद करून सीपीयूची मेन पिन काढा. नुसतं स्क्रीन काळा झाला म्हणजे बंद झाला असं समजू नका. आता मॉनिटर सोडून मागच्या-पुढच्या सगळ्या वायरी काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या, 'हा स्कॅनर तर परवाच घेतलाय' असं म्हणायचं नाही. काढण्याआधी मोबाईलवर मागच्या बाजूचा एक फोटो घ्या. मग मेन पिन काढलेली असतानाच पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो. पिन परत लावा, चालू करा. कीबोर्ड नसल्याची तक्रार काही मशीन करतात. तसं झालं तर फक्त कीबोर्ड लावा, आणि तो शक्यतो दुसरा.

विंडोज आलं? मग निम्मं काम झालं. दोष बाहेरच्या वस्तूंमध्ये आहे आणि तुमचा डेटा सुखरूप आहे. आता एकेक वस्तू लावायची आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू करायचा. कंटाळवाणं आहे, पण घाईत दोन वस्तू एकदम लावल्या की पुन्हा पहिल्यापासून. वस्तू सात-आठ असतील तर निम्म्या लावून बघा. अडलं तर दोष त्या निम्म्यांत, नाही अडलं तर उरलेल्यांत.

दोषी सापडला की लगेच कचऱ्यात टाकू नका. तीच वस्तू दुसऱ्या पोर्टला लावा. मग तीच वस्तू दुसऱ्या वायरीने. नंतर शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला. पोर्ट बदलल्यावर चाललं तर पोर्ट खराब, वायर बदलल्यावर चाललं तर वायर खराब. वस्तूच खराब निघाली तरच खर्च करायचा. आमच्या एका बॅचमधल्या किराणा दुकानदाराने नवीन थर्मल प्रिंटर घ्यायचं ठरवलं होतं. त्याच्या बाबतीत नुसती यूएसबीची वायर बदलून काम झालं.

पेनड्राईव्हवाला प्रकार असेल तर कायमचा इलाज बायोसमध्ये आहे. चालू होताना डिलीट किंवा एफ 2 की दाबत राहिलं की बऱ्याच मशीनमध्ये बायोस उघडतो. एचपीच्या मशीनवर बहुतेकदा एस्केप किंवा एफ 10. तिथे बूटच्या पानावर 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा आपली हार्डडिस्क सगळ्यात वर आणा, यूएसबी खाली. सेव्ह करून बाहेर या. दुसरं काहीही छेडू नका. साटा मोड किंवा लेगसी-यूईएफआय यांना हात लावला तर चांगलं चाललेलं विंडोजही उठणार नाही. बिटलॉकर चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधी काढून ठेवा.

क्रम लावूनही तो पुन्हा पुन्हा बदलतोय आणि घड्याळातली तारीखही मागे जातेय? तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा गोल सेल संपलाय. हा 3 व्होल्टचा सेल साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असताना बिलं काढू नका, जीएसटी भरताना डोकं धराल.

अजून एक. पंखा फिरतोय, दिवा आहे, पण स्क्रीनवर काहीच नाही, आणि कालच झाडलोट झालीय. सीपीयूला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डाच्या खाचेत आहे की मदरबोर्डच्या, ते फोटोशी ताडून बघा. विंडोज सुरू झालेलं असतं, फक्त चित्र दुसऱ्या दारातून बाहेर पडत असतं.

सगळं काढूनही तीच ओळ येत असेल, किंवा हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर थांबा. परत परत चालू करू नका. आता माणूस बोलवायचाच, पण फोनवर त्याला "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. स्क्रीनवरच्या ओळीचा फोटो पाठवा, सगळ्या वायरी काढून बघितलंय हे सांगा, बीप किती वाजले ते सांगा. आणि डेटा काढून घेतल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. तो येईपर्यंत मागच्या वायरींना कागदी टेप लावून त्यावर पेनाने नावं लिहा: स्कॅनर, प्रिंटर, अंगठा. सकाळी दुकान उघडणारा पोरगा तुमच्याशिवायही एवढं करू शकला पाहिजे.