कोमट म्हणजे किती?

दिवाळीच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. दारव्हा, वणी, घाटंजी, केळापूर, कोणताही तालुका घ्या. सकाळी बायाबापड्या शेतात जातात आणि पुष्कळ घरांत तान्हे बाळ आजीच्या स्वाधीन असते. आईने काढून ठेवलेले दूध, किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल तर पावडरचे दूध, आजी दुपारी ‘कोमट करून’ पाजते. कोमट हा शब्द सर्वांना कळतो, पण त्याला आकडा कोणी लावलेला नसतो. तो आकडा लावून पाहणे हे विज्ञान शिकवणाऱ्यांचे काम आहे. कारण या शब्दाचा अंदाज चुकला तर एकीकडे बाळाचे तोंड भाजते आणि दुसरीकडे त्याला जुलाब लागतात.

प्रथम, दूध कोमट करायचेच कशासाठी? अंगावरचे दूध बाळाला शरीराच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसला मिळते आणि त्याला तीच सवय असते. फ्रिजमधले ५ अंशांचे १०० ग्रॅम दूध पोटात ३७ अंशांवर आणायला सुमारे ३२०० कॅलरी, म्हणजे ३.२ किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच दुधातून बाळाला ६५ ते ७० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. गार दूध दिले तर तिचा साधारण विसावा भाग ते गरम करण्यात जातो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हा भार फारसा नाही. कोमटपणा मुख्यतः बाळाच्या आवडीसाठी असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे सोपे होते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाबाबत मात्र डॉक्टर सांगतील तसेच करावे.

आता कोमट कसे करावे? माध्यमिक वर्गांत आपण उष्णता विनिमयाचे तत्त्व शिकवतो: गरम वस्तूने गमावलेली उष्णता बरोबर थंड वस्तूने मिळवलेली उष्णता. हेच तत्त्व येथे वापरू. एका गंजात (पुण्या-मुंबईकडचे वाचक त्याला पातेले म्हणतील) १ भाग उकळते पाणी आणि २ भाग माठातले पाणी घेतले, आणि माठातले पाणी २५ अंशांचे धरले, तर मिश्रणाचे तापमान (१०० + २५ + २५) ÷ ३, म्हणजे ५० अंश होते. प्रत्यक्षात ते थोडे कमी भरते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या किंचित वरच उकळते, शिवाय भांडेही थोडी उष्णता घेते. असे ३०० ग्रॅम पाणी घेऊन त्यात फ्रिजमधल्या १०० ग्रॅम दुधाची बाटली उभी ठेवली, तर दोन्हींचे अंतिम तापमान (३०० × ५० + १०० × ५) ÷ ४००, म्हणजे ३९ अंशांच्या जरा आत येते. बाटली व हवा यांनी घेतलेली उष्णता वजा केली की आपल्याला हवे तेच कोमट दूध मिळते. दूध फ्रिजबाहेरचे, २५ अंशांचे असेल तर १ भाग उकळत्या पाण्यात माठातले ४ भाग पाणी मिसळावे. पाणी ४० अंशांचे होईल आणि दूध ३६ अंशांपर्यंत जाऊन थांबेल.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे दूध सभोवतालच्या पाण्यापेक्षा गरम होऊच शकत नाही. चुलीवर किंवा गॅसवर ठेवलेल्या दुधाला अशी मर्यादा नसते, आणि ६० अंशांचा द्रव मोठ्या माणसाची त्वचादेखील काही सेकंदांत भाजतो. बाळाची त्वचा त्याहून पातळ असते.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वेगळी अडचण आहे. त्यातील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परावर्तित होऊन या लहरींच्या स्थिर लहरी बनतात, त्यामुळे काही ठिकाणी दूध फार तापते, तर जवळच ते गार राहते. शिवाय बाटली बाहेरून फारशी गरम लागत नाही. म्हणून बाळाचे दूध त्यात तापवू नये.

गरम पाण्यात ठेवलेल्या बाटलीतही तापमान सगळीकडे सारखे नसते. कडेचे दूध तापून हलके होते, वर चढते आणि तिथेच राहते. हे अभिसरण आपण शिकवतोच. म्हणून बाटली काढल्यावर ती हलक्या हाताने फिरवावी आणि मगच मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून पाहावेत. तेथील त्वचेचे तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ३७ अंशांचे दूध किंचित उबदार लागते. गरम लागले तर थांबावे. निपल स्वतःच्या तोंडात घालून कधीही पाहू नये, कारण त्याने आपल्या तोंडातले जंतू दुधात जातात.

जंतूंचा प्रश्न भाजण्याइतकाच गंभीर आहे, आणि तो सहज नजरेआड होतो. दूध कोमट करणे म्हणजे ते निर्जंतुक करणे नव्हे. उलट ३७ अंश हे आजार देणाऱ्या अनेक जंतूंचे आवडते तापमान आहे. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. म्हणजे दोन तासांत ६४ पट, आणि चार तासांत ४०९६ पट! विद्यार्थ्यांना हा २चा घात फळ्यावर मांडायला सांगावा. थर्मासमध्ये तासन्‌तास कोमट दूध ठेवणे म्हणजे जंतूंसाठी उबवणीची पेटी तयार करणे आहे. थर्मासमध्ये उकळते पाणी ठेवावे, आणि दूध ऐनवेळी कोमट करावे.

जंतू मारायला याहून पुष्कळ जास्त तापमान लागते. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनानुसार ती उकळून घेतलेल्या आणि ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात मिसळावी लागते. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते वापरावे. मग बाटली गार पाण्यात धरून दूध कोमटपर्यंत उतरवावे. गणित तेच, फक्त दिशा उलटी. आईचे दूध मात्र असे तापवायचे नसते, कारण त्यातले संरक्षक घटक उष्णतेने नष्ट होतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दुसऱ्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात. त्याने घातक जंतू मरतात, आणि संरक्षक प्रथिनांचा बराच भाग टिकतो. स्वतःच्या आईच्या ताज्या दुधाला तेवढीही उष्णता नको.

आता यवतमाळचा मे महिना आठवा. पारा ४२ अंशांच्या वर जातो. घरात ठेवलेले दूध न तापवताच कोमट झालेले असते. तेव्हा प्रश्न तापवण्याचा नसून घड्याळाचा असतो. पावडरचे तयार केलेले दूध दोन तासांत संपवावे. आईच्या दुधात जंतूंना रोखणारे घटक असल्याने ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत सुमारे चार तास राहू शकते, पण उन्हाळ्यात ही मुदत धरून चालू नये. फ्रिजमधले दूध २४ तासांच्या आत वापरावे. एकदा कोमट केलेले दूध पुन्हा तापवू नये, आणि बाळाने उष्टे सोडलेले टाकून द्यावे.

शेवटी भांड्याविषयी. बाटली व निपल यांच्या सांदीत दुधाचा अंश अडकून राहतो. वाटी-चमचा घासता येतो, उकळता येतो, म्हणून डॉक्टर बाटलीऐवजी त्याचाच आग्रह धरतात. जुन्या घरांतले बोंडलेही चालेल, मात्र त्याची चोच आतून नीट साफ व्हायला हवी. दुधाच्या बाटल्यांच्या आणि आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. वाटीतले दूधही वरच्याच रीतीने, गरम पाण्यात वाटी ठेवून, कोमट करता येते.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. काचेच्या बाटलीत १०० ग्रॅम गार पाणी घ्या, ती ५० अंशांच्या ३०० ग्रॅम पाण्यात ठेवा. दर मिनिटाला बाटलीतील वरचे व तळाचे तापमान नोंदवा, मग बाटली फिरवून पुन्हा मोजा. गणिताने आलेले उत्तर आणि तापमापीवरचे उत्तर यांत फरक का पडला, हे मुलांना शोधू द्या. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी लहान भावंड असते, आणि वेचणीच्या दिवसांत आजीच्या मदतीला हीच मुले घरी असतात.