पंधरा हजारात पहिली इलेक्ट्रिक गिटार

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. माझे अडखळलेले शब्द आणि मागचा पावसाचा आवाज तेवढा काढून टाकलाय.

गणपतीत मावसभावाने विचारलं, "दादा, पंधरा हजारात इलेक्ट्रिक गिटार येईल काय रे?" येते. पण मी त्याला लगेच लिंक पाठवली नाही, कारण मला माझी पहिली गिटार आठवली. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला ऑनलाइन कॉम्बो मागवला होता. गिटार, छोटा अँप, पट्टा, पिशवी, सगळं एकात. तीन महिन्यांत सोडली. बोटं सोलवटली, बार कॉर्ड काही केल्या वाजेना, आणि मी ठरवून टाकलं की आपल्या हातात संगीतच नाही. चार वर्षांनी मित्राची गिटार हातात घेतली तेव्हा कळलं, माझ्या गिटारच्या तारा फ्रेटपासून भलत्याच उंच होत्या. एक ॲलन की आणि अर्धा तास, एवढ्यात सुटणारं काम होतं ते.

म्हणून ब्रँडच्या आधी हे बघा. तार आणि फ्रेट यांच्यातल्या अंतराला ॲक्शन म्हणतात. एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे दोन सपाट कार्डं एकावर एक ठेवली की साधारण दीड मिमी. बाराव्या फ्रेटवर, सगळ्यात बारीक तारेखाली ही दोन कार्डं जेमतेम बसली तर उत्तम. चार कार्डं आरामात सरकली तर ती गिटार तशीच्या तशी नवशिक्याला देऊ नका. दुकानदाराला सेटअप करून मागा, लाजू नका.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कुठे झणझण येते का? आपल्या मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढतात ती झणझण मुद्दाम आणण्यासाठी, त्यातच त्याचा जीव. गिटारमध्ये मात्र तोच आवाज म्हणजे तार पुढच्या फ्रेटला घासतेय. सगळीकडे थोडी येत असेल तर सेटअपने जाते. एकाच जागी येत असेल तर बहुतेक तो फ्रेट वर आलाय, ती गिटार सोडा.

ब्रिज स्थिर असलेला घ्या. फ्लॉइड रोज दिसायला भारी, पण त्यात एक तार बदलली की बाकीच्या पाचही सुरातून जातात. नवशिक्याची अर्धी संध्याकाळ ट्यूनिंगमध्येच जाते.

पिकअपचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आपल्या घरांचा संबंध येतो. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुरगुर पकडतं. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइल जोडून ती गुरगुर मारणारं हमबकर काढलं. जुनं वायरिंग असेल तर निदान ब्रिजजवळ एक हमबकर हवंच. यामाहा पॅसिफिका ०१२ आणि आयबानेझ जीआरएक्स ४० दोन्हींत ते आहे. दोन्हींचा ब्रिज मात्र हलणारा आहे, पण साधा, फ्लॉइड रोजसारखा लॉक होणारा नाही, त्यामुळे चालतो. अगदी स्थिर ब्रिजच हवा तर स्क्वायर सॉनिक टेलिकास्टर आहे, पण त्यात दोन्ही सिंगल कॉइल.

आणि हे गंभीरपणे घ्या. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर करंट तुमच्या बोटांतून जाऊ शकतो. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका, आमच्या जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं. वायरमनकडून तपासून घ्या. तोपर्यंत सेलवर चालणारा हेडफोन अँप वापरा, व्हॉक्स अँपप्लगसारखा. लाइट गेली तरी सराव चालू राहतो, आणि शेजारच्या काकूंची झोपही मोडत नाही.

म्हणून सगळे पंधरा हजार गिटारवर उडवू नका. मी भावाला अकरा-बारा हजार गिटारला, बाकी हेडफोन अँप, केबल, ट्यूनर आणि तारांचे दोन सेट असं गणित मांडून दिलं. या पैशात नवीपेक्षा वापरलेली चांगली मिळते. कोल्हापूर किंवा मुंबईला जाऊन हातात घेऊन बघा, फोटोवरून नको.

तारांचे दोन सेट का? रत्नागिरीचा पाऊस आणि खारं वारं. जुलैत साध्या तारा बघता बघता गंजतात. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. लाकूड दमट हवेने फुगतं, मान किंचित वाकते, ॲक्शन बदलते. पावसाळा संपला की दिवाळीच्या आसपास पुन्हा ती दोन एटीएम कार्डं काढा. तारा नऊ-बेचाळीसच्या लावा, बोटांना सोप्या जातात.

भावाने शेवटी कोल्हापूरहून वापरलेली पॅसिफिका आणली. कार्डं मी लावून बघितली, तीन बसत होती. ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून दोनवर आणलं. सध्या त्याचा एफ कॉर्ड अर्धा वाजतो.