अवंतीची दोन आसने

अवंती हे आपल्या उज्जैनच्या परिसराचे प्राचीन नाव. जानेवारी 2012 मध्ये दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांनी त्याच नावाची स्पोर्ट्‌स कार सादर केली, तेव्हा मी तिच्याकडे आपलेपणानेच पाहिले. आसने मात्र दोनच. पाठीमागे थेट इंजिन! असे खोलगट आसन वळणावर शरीर घट्ट धरून ठेवते खरे. पण गुडघेदुखीच्या वृद्धेला त्यातून उठविणे हे दोघांचे काम. उलट 2002 साली आलेल्या स्कॉर्पिओसारख्या उंच एसयूव्हीत खुर्चीवर बसल्यासारखे बसता येते; फक्त चढायला पायरी हवी.

जागा ऐसपैस, म्हणून मुलांची रवानगी मागच्या समोरासमोरच्या बाकांवर. फ्रीगंजहून इंदूरला जाताना मीही माझ्या मुलांना तसेच बसवीत असे. आडव्या बाकावर अचानक ब्रेक लागताच पाठीला आधार उरत नाही, मान एका बाजूला फेकली जाते, हे ज्ञान तेव्हा कुठे गेले होते, कोण जाणे! 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन सक्तीचे झाले. पालक पाय पसरायला जागा किती, ते पाहतात. मी त्यांना मधल्या रांगेत बालआसन अडकविण्याच्या आयसोफिक्स कड्या आधी शोधायला सांगतो.