सोयाबीनची डाळ वर, तुरीची खाली

जून उजाडला की मराठवाड्यात सोयाबीन पिकवणाऱ्या घरांत ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या दिसू लागतात. घरचं बियाणं उगवेल की नाही, याची ती परीक्षा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी काढायचं. त्यातले १०० दाणे न निवडता मोजायचे आणि ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात ती उघडायची. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले असतील, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. कमी उगवले, तर त्या मानाने बियाणं वाढवायचं.

अनेक जण नुसते मोड मोजून गुंडाळी बाजूला ठेवतात. माझं म्हणणं असं, की मोडाबरोबर त्या दाण्याच्या दोन डाळीही पाहाव्यात. वनस्पतिशास्त्र त्यांना बीजपत्रं म्हणतं. रोपाचे पहिले आठ-दहा दिवस त्यांच्यावरच अवलंबून असतात.

भिजलेल्या दाण्याची साल नखाने सहज सुटते. आत दोन जाड, पिवळसर डाळी एकमेकींना चिकटून असतात. त्या हलकेच उघडल्या, की एका टोकाला, सांध्यापाशी, बारीकसा अंकुर दिसतो. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला दुमडलेली इवलीशी पानं. बाकी सगळा दाणा म्हणजे या दोन डाळीच. सोयाबीनमध्ये जवळपास ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं, ते बहुतेक इथेच साठवलेलं. अंकुर सालीच्या अगदी लगत असतो आणि सालही पातळ. म्हणून मळणीयंत्र जोरात फिरलं किंवा पोती आदळली, की इजा थेट अंकुराला होते. गोणपाटात असे दाणे ओळखू येतात. मोड आलेला असतो, पण मूळ खुंटलेलं, नाहीतर डाळ सांध्यापाशी तडकलेली. हे दाणे उगवलेल्यांत धरू नयेत.

शेतात पुढची गोष्ट मातीखाली घडते. दाणा पाणी शोषून टम्म फुगतो, आधी मूळ खाली जातं. मग डाळींच्या खालचा देठ वाढू लागतो आणि आकड्यासारखा वाकतो. ती वाकलेली मान माती फोडत पुढे जाते, डाळी तिच्यामागून ओढल्या जातात आणि कोवळा शेंडा त्यांच्या आत सुरक्षित राहतो. उजेड लागला की मान सरळ होते, डाळी उघडतात आणि हिरव्या होतात. आत्तापर्यंत जे कोठार होतं ते आता पानाचंही काम करू लागतं. ते थोडंफार अन्न तयार करतं, पण मुख्य आधार साठ्याचाच. तेलाची साखर होते आणि प्रथिनं सुटून नत्र मिळतं. मुळांवरच्या गाठी कामाला लागायला अजून अवकाश असतो, त्यामुळे हे नत्र मोलाचं. उगवल्यापासून सात ते दहा दिवसांत डाळींचं सुमारे ७० टक्के कोरडं वजन रोपात उतरतं. त्या सुरकुततात, पिवळ्या पडतात आणि गळतात.

त्याच शेतात आंतरपीक म्हणून तूर असते. तीही द्विदल, पण तिची रीत वेगळी. तुरीच्या डाळी मातीतच राहतात, वर येतो तो फक्त बारीक कोंब. आपण वरणाला लावतो ती तुरीची डाळ म्हणजे यातलंच एकेक बीजपत्र. ज्वारीत बीजपत्र एकच असतं. तेही दाण्यातून बाहेर येत नाही. दाण्यातला पिठूळ साठा शोषून कोंबाला पोचवणं हेच त्याचं काम.

हा फरक पेरणीनंतर लगेच जाणवतो. पेरल्यावर जोराचा पाऊस झाला आणि मागोमाग कडक ऊन पडलं, की जमिनीचा वरचा थर आवळतो. दोन जाड डाळी वर ओढताना सोयाबीनची मान तिथे अडते, कधी मोडतेच. तुरीचा बारीक कोंब फटीतून निसटतो. म्हणूनच सोयाबीन तीन ते पाच सेंटीमीटरपेक्षा खोल पेरू नये. शिवाय सोयाबीन डाळींच्या खाली तुटलं, तर तिथे फुटण्यासारखा डोळाच उरत नाही. तुरीचे डोळे डाळींपाशी, मातीखाली असतात. त्यामुळे वरचा कोंब खुडला गेला, तरी नवा फुटायला जागा राहते.

डाळींचं मोल पाहायला शेत लागत नाही, कुंड्या पुरतात. नुकती उगवलेली रोपं घेऊन एकाच्या दोन्ही डाळी ब्लेडने काढल्या, दुसऱ्याची एकच काढली, तिसरं तसंच ठेवलं. एक डाळ राहिलेलं रोप धडधाकट रोपाच्या जवळपास बरोबरीने वाढलं. दोन्ही गेलेलं जगलं, पण त्याची पहिली पानं लहान राहिली आणि ते मागे पडलं. १७ व्या शतकात इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी अशाच प्रकारे बीजपत्रं काढून त्यांचं महत्त्व दाखवलं होतं.

शेतकऱ्याला याचा उपयोग दुबार पेरणीच्या वेळी होतो. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन खाल्लं, तेव्हा अनेकांना शेत मोडावं लागलं. असं संकट आलं, की बांधावरून अंदाज न बांधता तासात बसावं आणि ठिकठिकाणची रोपं पाहावीत. शेंडा शाबूत आणि एक डाळ तरी शिल्लक असेल, तर ते रोप सावरतं. दोन्ही डाळी गेल्या पण शेंडा राहिला, तर रोप तगतं, मात्र उतारा थोडा घटतो. मान डाळींच्या खाली तुटली असेल, तर ते गेलं असं समजावं. अशी मोजणी केल्यावर हाती किती रोपं उरली ते कळतं आणि बियाण्याचा दुसरा खर्च करायचा की नाही, हे ठरवता येतं.