मोजलं की पुरतं

(मे २०२१च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं. गटाच्या बैठकीत वाचता यावं म्हणून छापत आहोत.)

कुणी भाकरी थापत असेल, कुणी भांडी घासत असेल, कुणी शेरडं सोडायला निघाली असेल. काम चालू ठेवा, नुसता कान इकडे द्या.

आज माझ्या घरातलीच गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्यांना विचारूनच सांगतेय. त्या म्हणाल्या, "सांग बाई, दुसरी कुणी तरी शहाणी होईल."

१४ एप्रिलला राज्यात कडक निर्बंध लागले आणि आमचे दीर मुंबईहून गावी आले. काम बंद, पगार बंद. घरात खाणारी तोंडं सात झाली आणि कमावणारा हात एकही नाही. आठ-दहा दिवसांनी जाऊबाईंना कणकण आली. मी म्हटलं, "आक्का, आशाताईंना बोलावू का?" त्या म्हणाल्या, "ऊन लागलंय गं मला. कशाला गावात बोभाटा?" असे पाच दिवस गेले. त्या ताप अंगावर घेऊन पाणी भरत होत्या, स्वयंपाक करत होत्या. सहाव्या दिवशी भाकरी थापता थापता धाप लागली आणि परातीवर हात टेकून त्या खालीच बसल्या. आशाताईंनी बोटाला मशीन लावलं तर आकडा आला ८९. लगेच १०८ला फोन केला. तेरा दिवस तालुक्याच्या कोविड सेंटरमध्ये काढून त्या परत आल्या. देवाची आणि डॉक्टरांची कृपा.

पण मला खरं लागलं ते पुढचंच. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "यांचं रक्त फक्त आठ आहे. घरी जेवण काय होतं?" जाऊबाई खाली बघून म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं की उरेल ते." महिनाभर त्या अर्ध्या भाकरीवर आणि चहावर दिवस काढत होत्या. एका चुलीवर आम्ही दोघी, शेजारी-शेजारी बसणाऱ्या, आणि मला कळलं नाही.

मैत्रिणींनो, टंचाई घरात सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. ती आधी बाईच्या ताटात उतरते. आणि आजारपण मोजायची वेळ आली की बाईचा नंबर शेवटी. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे: मोजा. धान्य मोजा, ताटं मोजा, श्वास मोजा, पैसा मोजा. आणि मोजताना स्वतःला धरून मोजा.

धान्य मोजा

मोठ्या माणसाला भाकरी, चपाती, भात मिळून दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य लागतं. म्हणजे महिन्याला १२ किलो. आता रेशनचा हिशोब लावा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं. मे आणि जून या दोन महिन्यांसाठी पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेतून आणखी माणशी ५ किलो मोफत आहे. म्हणजे माणशी १० किलो. पाच माणसांच्या घरात ५० किलो. घरात लहान मुलं असतील तर धान्यापुरतं जवळपास भागतं. पण ज्या महिन्यात जादाचं मोफत धान्य नसेल, त्या महिन्यात तेच रेशन बारा-तेरा दिवसांत संपणार. म्हणून आज घरात धान्य दिसतंय म्हणून ते विकू नका.

दुकानात अंगठा लावल्यावर मशीनची पावती निघते. ती मागून घ्या. पावतीवर किलो किती लिहिलेत आणि पिशवीत किती आलेत, हे तिथंच बघा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत न्या, तोंडाला मास्क लावून. अंगणवाडीतला लहान मुलांचा, गरोदर आणि बाळंत बायांचा कोरडा शिधाही विसरू नका. आणि एक लक्षात ठेवा, तो शिधा ज्या बाईच्या नावाने आलाय तिच्या पोटात जायला हवा.

गहू-तांदळानं पोट भरतं, अंगात ताकद भरत नाही. त्याला डाळ हवी, कडधान्य हवं. तूरडाळ महाग झाली असली तरी आपल्या भागात हुलगा आहे, मटकी आहे. हुलग्याचं माडगं आपल्या आज्या दुष्काळात करायच्या. ते गरिबाचं खाणं म्हणून आपण सोडलं, पण ताकदीला ते कमी नाही. मटकीला मोड आणा. कुंपणाच्या शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ ही फुकटची भाजी आहे. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. चहामुळे तेच लोह अंगाला कमी लागतं. जाऊबाईंच्या अर्ध्या भाकरी-चहानं नेमकं हेच केलं होतं.

ताटं मोजा

आमच्या घरात आता एक नियम केलाय. स्वयंपाक झाला की आधी घरातल्या माणसांइतकी ताटं मांडायची. सात माणसं, तर सात ताटं. भाकरी, कालवण सगळ्या ताटांत वाढून झालं की मग पहिला घास. बायकांची ताटं झाकून ठेवली तरी चालतील, पण ती आधी वाढलेली हवीत. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ही कुठली नवी तऱ्हा?" दीर मात्र काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सातवं ताट मांडलं.

भाकऱ्या कमी पडल्या तर सगळ्यांच्याच ताटात चतकोर कमी पडेल. ते सोसवतं. एकटीच्या ताटातली पूर्ण भाकरी गेली तर ते सोसवत नाही.

पाणी आणि साबण

तुम्ही म्हणाल, टँकरच्या गावात वीस सेकंद हात कसे धुवायचे? पाणी वीस सेकंद सोडायचं नाही. साबण वीस सेकंद चोळायचा. या विषाणूच्या अंगावर चरबीचं आवरण असतं. साबणाच्या फेसानं ते फुटतं आणि विषाणू मरतो. म्हणून हात ओले करायला थोडं पाणी, मग नुसतं चोळणं, मग धुवायला थोडं पाणी.

तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या. झाकणाच्या जरा खाली, बाजूला खिळ्यानं एक भोक पाडा. कॅनच्या मुठीतून आडवी काठी घालून तो अंगणात टांगा. झाकणापाशी दोरी बांधा, दोरीचं खालचं टोक दुसऱ्या काठीला बांधा. त्या काठीवर पाय दिला की कॅन वाकतो आणि बारीक धार पडते. हाताचा स्पर्श कशाला होत नाही आणि तांब्याभर पाण्यात घरातल्या सगळ्यांचे हात धुऊन होतात. खाली परसातलं एखादं रोप लावा, सांडलेलं पाणी त्याला.

एक सावधगिरी सांगते. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. भाजी साध्या पाण्यानं धुवा, फिनेलनं किंवा साबणानं नाही.

आणि पदर म्हणजे मास्क नव्हे. पदर एकपदरी असतो, सारखा घसरतो आणि त्यालाच आपण हात पुसतो. जुन्या सुती साडीचा तीनपदरी मास्क शिवा. नाक झाकलं पाहिजे. रोज धुऊन उन्हात वाळवा.

श्वास मोजा

ताप, खोकला, घसा दुखणं, वास न येणं, जुलाब, अंग मोडून येणं, यातलं काही दिसलं की आधी "ऊन लागलं" म्हणू नका. आशाताईंना सांगा आणि तपासणी करून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत आजारी माणसानं दाराजवळ किंवा ओसरीवर, वाऱ्याला झोपावं. खिडकी-दार उघडं ठेवावं. घरात एकच खोली असेल तर शाळेतल्या विलगीकरणात जावं. त्यात लाज कसली? आपण घरच्यांना जपायलाच तिथं जातो.

गटानं मिळून एक ऑक्सिमीटर घेतला तर सगळ्या वाडीला पुरतो. वापरण्याआधी आणि नंतर सॅनिटायझरच्या कापसानं पुसायचा. बोटाला नेलपॉलिश नको. पाच मिनिटं शांत बसून मग आकडा बघायचा. ९५ किंवा वर असेल तर ठीक. ९४ किंवा खाली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. बसल्या जागी आकडा चांगला आला तर सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा बघायचं. साठीच्या वरच्यांनी तीन मिनिटं पुरे. आकडा ३ नं उतरला किंवा धाप लागली तरी डॉक्टरांना दाखवायचं. पहिलाच आकडा ९४ किंवा खाली असेल तर मात्र चालून बघायचं नाही.

मशीन नसेल तर घड्याळ घ्या. माणूस शांत बसलेला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसाचा श्वास २४च्या वर गेला तर थांबू नका. १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत पालथं झोपवा, छातीखाली उशी द्या. पालथं झोपल्यानं फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा जायला मदत होते. गरोदर बाईला मात्र पालथं झोपवू नका, डाव्या कुशीवर झोपवा.

तापाला पॅरासिटामॉल आशाताईंकडे मिळते. मोठ्या माणसाला ५००ची एक गोळी, दोन गोळ्यांत निदान सहा तासांचं अंतर. शेजारच्या बाईला लागू पडलेल्या दुसऱ्या गोळ्या आणून खाऊ नका. स्टिरॉइडची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेतली तर साखर वाढते, आणि काळ्या बुरशीचा आजार अशांनाच जास्त गाठतोय. साखरेचं दुखणं असलेल्यांनी आजारपणात आणि बरं झाल्यावरही साखर तपासत राहावं.

जुलाब होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. घोट घोट देत राहा.

लशीबद्दल गावात नाना गोष्टी चालल्यात. पाळीच्या दिवसांत लस घेऊ नये, लशीनं मूल होत नाही, या अफवा आहेत. जाऊबाईंचं वय अठ्ठेचाळीस. एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती, पण पाळी आहे म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली आणि मग आजारच आला. अंगावर पाजणाऱ्या आयांनाही आता लस घेता येते. आजारातून उठलेल्यांनी तीन महिन्यांनी घ्यायची आहे. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी तरी चूल सांभाळायची, हे आधीच ठरवून ठेवा.

पैसा मोजा

आजारपणात पहिला दरवाजा सावकाराचा दिसतो. हिशोब ऐका. ५००० रुपये सहा महिन्यांसाठी घेतले. गटाचं व्याज शेकडा दोन महिन्याला धरलं तर सहा महिन्यांत ६०० रुपये. सावकारानं शेकडा पाच लावलं तर १५००. फरक ९०० रुपयांचा. त्यात घरच्या तेल-डाळीचं किती भागेल, ते तुम्हीच बघा.

म्हणून गटातलं सगळं शिल्लक आत्ताच वाटून घेऊ नका. थोडा भाग आजारपणासाठी बाजूला ठेवा आणि तो कुणाला, कोणत्या वेळी द्यायचा ते आधीच वहीत लिहा. बाहेरच्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलून मिळाला म्हणजे तो माफ झाला, असं समजू नका. व्याज चालूच राहतं. आमच्या गटानं आणखी एक केलंय. ज्यांना जमेल त्यांनी महिन्याला एक किलो धान्य एका डब्यात टाकायचं. ज्या घरात आजारपण आलं, त्या घरी ते न मागता पोचवायचं. मागायला लावलं की लाजेनं बाई मागत नाही, हे आम्ही जाऊबाईंकडून शिकलो.

जाता जाता

आपल्या साताऱ्याची लेक, नायगावची सावित्रीबाई. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा लेक यशवंतच्या दवाखान्यात ती रोग्यांची सेवा करत होती. तिलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला ती गेली. त्या वेळी प्लेगवर गुणकारी औषध नव्हतं. आज आपल्या हाती मास्क आहे, साबण आहे, लस आहे, बोटाला लावायचं मशीन आहे. सेवा तिच्यासारखी करू या, पण ही साधनं वापरून, स्वतः जगून करू या.

आज रात्री एकच काम करा. जेवायच्या आधी सगळी ताटं मांडा आणि मोजा. तुमचं त्यात आहे का ते बघा. आणि शेजारणीला तिच्या दारातून, लांबूनच विचारा, "जेवलीस का गं?" ती "हो" म्हणाली तर पुढचा प्रश्न विचारा, "काय जेवलीस?"

जाऊबाई आता बऱ्या आहेत. काल त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली. मी मोजली.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या. राम राम.